नवा स्मोकर आलाय, पहिल्यांदा काय लावू? (बीफ-पोर्क सोडून सांगा)

रंकाळा_ते_राउंडरॉक

नमस्कार मंडळी,

टेक्ससात आल्यापासून शनिवार-रविवार शेजाऱ्यांच्या परसातला धूर नुसता हुंगत आलो. या वाढदिवसाला बायकोनं वेबरचा स्मोकी माउंटन घेऊन दिला, १८ इंची. धुरावर मांस शिजवायचा उभा काळा डबा, तळाला कोळसा, मध्ये पाण्याची परात, त्यावर दोन जाळ्या. जोडून ठेवलाय, अजून काडी लावलेली नाही.

आता घोळ असा आहे. इथं ज्याला विचारावं तो डोळे मिटून "ब्रिस्केट" (गाईच्या छातीचं मांस) म्हणतो. शेजारचा म्हातारा तर रोज कुंपणावरून मान काढून चौकशी करतो, "लावलं का?" आमच्या घरात गाईचं चालत नाही. पुढच्या महिन्यात आई येतेय कोल्हापूरहून, तिला डुकराचंही नको. कोंबडी खाते, पण कोंबडीला ती मांसाहार मानत नाही. मटण म्हणजे मटण.

माझ्या डोक्यात असं आहे: बोकडाची अख्खी मांडी आणायची, घरचा कांदा-लसूण मसाला (आई आणणारच आहे किलोभर) चोपडून रात्रभर मुरवायची, आणि आई आल्यावर पहिल्या रविवारी लावायची. बारा-पंधरा माणसं बोलवावीत म्हणतो. लाकूड कुठलं घ्यावं? किती तास धरू? आणि मांडी कोरडी पडते म्हणतात ते खरं का? व्हिडिओ इतके पाहिले की आता प्रत्येक जण दुसऱ्याच्या उलट सांगतोय असं वाटायला लागलंय.

बर्फातला_बल्लव

अभिनंदन! मी मिनेसोटात, तोच स्मोकर, फक्त २२ इंची. उणे तापमानातही चालवतो, बायको खिडकीतून बघते आणि पडदा ओढून घेते.

बीफ-पोर्क सोडून म्हणालात, तरी सांगतो, कारण दुसरं कोणी नाही तर इथले सगळे अमेरिकन हेच सांगतील आणि त्यात तथ्य आहे. शिकण्यासाठी डुकराचा खांदा, ज्याला बॉस्टन बट म्हणतात, त्याच्याइतकं सोशिक मांस नाही. आत इतकी चरबी असते की आच वीस-तीस अंश वरखाली झाली तरी बिघडत नाही. २२५ ते २५० फॅरनहाइटवर ठेवायचं, आतलं तापमान २०० च्या आसपास गेलं की हाड नुसतं ओढलं तरी निघतं. आठ पौंडाला बारा तास सहज लागतात, कधी त्याहून जास्त. मध्ये १५०-१६० ला थर्मामीटरचा काटा तासन्‌तास हलत नाही, त्याला इथं 'स्टॉल' म्हणतात. घाबरून आच वाढवू नका. मांसातलं पाणी वर येऊन उडत असतं आणि घामासारखं मांसाला गार करत असतं, एवढंच. घाई असेल तर फॉइलमध्ये गुंडाळा.

आई यायच्या आधी एकदा हा करा, ऑफिसात नेऊन वाटा. हात बसेल.

रेवदंड्याची_काकू

रंकाळा, आधी ती बारा-पंधरा माणसं रद्द कर. मग पुढचं बोलू.

मी सॅन मार्कसला राहते, तुझ्यापासून तासाभरावर. लॉकहार्ट माझ्या घरापासून पंचवीस-तीस मिनिटं. ज्या गावाला टेक्ससच्या विधिमंडळानं १९९९ मध्ये 'बार्बेक्यूची राजधानी' म्हणून ठराव करून दिला, तिथं क्राइट्स मार्केट १९०० पासून आणि ब्लॅक्स १९३२ पासून, ही दोन दुकानं, मांस धुरावर लावतायत. तिथल्या भट्टीपाशी दहा मिनिटं उभा राहा. लोक मांसाकडे कमी आणि विस्तवाकडे जास्त बघत असतात. पहिल्या खेपेला तुलाही तेच करायचंय. म्हणून असं काहीतरी लाव की जे स्वस्त आहे, दुपारी लावलं तर संध्याकाळी खाता येतं, आणि चुकलं तर कुठं चुकलं ते तोंडात टाकल्याबरोबर कळतं. म्हणजे कोंबडीच्या तंगड्या. मांडीसकट अख्ख्या, ज्याला इथं लेग क्वार्टर म्हणतात. दहा पौंडांची पिशवी कुठल्याही दुकानात मिळते आणि दुकानातलं सगळ्यात स्वस्त मांस बहुधा तेच असतं.

बल्लव म्हणतो ते डुकराच्या खांद्याचं खरं आहे, तो सोशिक आहे. पण मला तीच त्याची खोड वाटते. बारा तासांनी चांगलं लागलं तर तुझ्यामुळे लागलं की चरबीमुळे, हे कळणार नाही. आणि ऑफिसात वाटायला कशाला बारा तास जागायचं?

कोंबडी चुगलखोर असते. धूर लवकर धरते. विस्तव गुदमरला, पांढरा दाट धूर आला, की मांस कडू लागतं, जिभेला चरचरतं. आच कमी पडली की कातडी रबरासारखी ओढत बसावी लागते, कारण २२५ ला तिच्यातली चरबी वितळून निघतच नाही. म्हणून तंगड्यांना २७५ ते ३२५ च्या मध्ये ठेव. आणि छातीच्या मांसासारखं हे लगेच कोरडं पडत नाही. सरकारी नियम १६५ चा आहे, त्याच्या खाली उतरवायचं नाहीच, पण तंगडी १६५ ला चिवट लागते. १७५-१८५ ला खरी लागते. म्हणजे तुला चुकायला वीस अंशांची जागा आहे.

आता कृती. पण मापं दगडावरची रेघ समजू नकोस.

आधी रिकामा स्मोकर दोन-तीन तास तापव. नव्या पत्र्यावर कारखान्याचं तेल असतं ते जळून जातं. नवा स्मोकर आतून चकचकीत असतो आणि दाराच्या फटी उघड्या असतात, त्यामुळे पहिले काही दिवस तो जास्तच तापतो. धुराचा आणि चरबीचा थर बसला की फटी आपोआप बुजतात. घाबरून आतला काळा थर घासून काढू नकोस. फक्त जाळ्या घास आणि राख काढ.

कोळसा ब्रिकेटचा, म्हणजे भुकटी दाबून केलेल्या वड्यांचा, घे. रॉकेलसारखं तेल लावून येणारा, काडी लावली की पेटणारा मात्र नको, तो वास मांसात बसतो. गोल कड्यात न पेटवलेला कोळसा भर, मध्ये थोडा खळगा कर, चिमणीत (कोळसा पेटवायच्या पत्र्याच्या नळकांड्यात) पंधरा-वीस ब्रिकेट राख धरेपर्यंत पेटवून त्या खळग्यात ओत. विस्तव वरून खाली हळूहळू सरकतो आणि तासन्‌तास पुरतो. जिम मिनियन नावाच्या माणसानं ही रीत लोकांच्या माथी मारली, आता तिला त्याचंच नाव आहे. वरचं भोक पूर्ण उघडं. आच सांभाळायची ती खालच्या तीन भोकांनी. काटा हव्या त्या आकड्याच्या पंचवीस-तीस अंश अलीकडे असतानाच खालची भोकं अर्धी लोटायची. चढलेली आच उतरवणं कठीण, उतरलेली चढवणं सोपं.

परातीत पाणी घालू नकोस कोंबडीला. पाणी आच खाली दाबून धरतं, ते लांबच्या स्वयंपाकाला ठीक. परातीला फॉइल लाव म्हणजे घासायचं वाचेल.

लाकूड मुठीएवढे दोन-तीन तुकडे, बस. ढलप्या नकोत, भुर्रकन जळतात. भिजवूही नकोस, ओलं लाकूड आधी वाफ सोडतं मग धूर. इथलं खरं लाकूड पोस्ट ओक, पण कोंबडीला पीकान छान, आपल्या राज्याचं झाड आहे, पिशवीतही मिळतं. मेस्कीट तिखट आणि उग्र, पहिल्या दिवशी नको. पाइन वगैरे चिकाची झाडं कधीच नकोत. लाकूड टाकल्यावर पहिली वीस मिनिटं पांढरा लोट निघेल, तेव्हा मांस आत ठेवायचं नाही. धूर जवळजवळ दिसेनासा होऊन निळसर झाला की ठेव. एवढं एकच पाळलंस तरी निम्म्या लोकांच्या पुढे गेलास.

आदल्या रात्री तंगड्यांना मीठ चोळ, पौंडाला साधारण अर्धा चमचा जाडं मीठ, आणि जाळीवर उघड्याच फ्रिजमध्ये ठेव. कातडी सुकते. दही लावलंस की कातडी ओली राहिली, मग रडू नकोस. सकाळी मिरी, ब्याडगीची पूड, थोडी हळद. कांदा-लसूण मसाला आत्ता नको. त्यात भाजलेलं खोबरं-तीळ असतं, तळलेला कांदा असतं, दोन तास धुरात काळवंडतं. शेवटच्या वीस मिनिटांत तेलात कालवून ब्रशनं लाव. बघ मग आई काय म्हणते.

आमच्याकडे थंडीत पोपटी लावतात. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, अंडी, कोंबडी मडक्यात, मडकं उपडं, भोवती जाळ. मध्ये उघडून बघायची सोय नाही, सगळा अंदाज. हा डबा तसाच वापर. झाकण उचललंस की दहा-पंधरा मिनिटांची आच गेली आणि वर ताजी हवा आत शिरून कोळसा भडकला. पण पोपटीला काटा नव्हता, तुझ्याकडे असू दे. झाकणावरचा काटा वरच्या हवेचं सांगतो, जाळीवरचं नाही. दोन तारांचा थर्मामीटर घे, एक तार जाळीपाशी, एक मांसात. आणल्यावर बर्फाच्या पाण्यात बुडवून बघ, ३२ दाखवायला हवा.

लाकडी कुंपणापासून दहा फूट लांब ठेव. गॅरेजमध्ये, पाऊस असला तरी, नाही म्हणजे नाही. कोळशाचा वायू दिसत नाही आणि वासही येत नाही. उन्हाळ्यात तुझ्या काउंटीनं आग पेटवायला बंदी घातलीय का तेही बघत जा.

मांडीचं नंतर सांगते.

श्रावणातला_नाशिककर

काकूंना दंडवत. आमच्या घरात निम्मे शाकाहारी, त्यामुळे माझा स्मोकर अर्धा मांडव त्यांच्यासाठी. एक जोड देतो.

कोंबडीबरोबर वरच्या जाळीवर टोमॅटो (अर्धे कापून), अख्खा लसूण, जाड हिरव्या मिरच्या आणि एक वांगं ठेवा. वरच्याच जाळीवर! खाली ठेवलंत तर कच्च्या कोंबडीचं पाणी त्यावर ठिबकेल. तासाभरात टोमॅटो-मिरची-लसूण काढून खलबत्त्यात शेंगदाण्याबरोबर कुटा. गॅसवर भाजलेल्या ठेच्यात आणि यात फरक असा की धूर आतपर्यंत जातो, वर जळका वास येत नाही. वांग्याला मात्र वेळ लागतो आणि भरीत थोडं पाणचट होतं, त्यामुळे मला स्वतःला ते निखाऱ्यावरचंच आवडतं.

पनीरही होतं. आंबट घालून फाडलेलं असल्यानं वितळत नाही. तेल-मीठ लावून जाड चौकोन अर्धा तास, जास्त नको. चेडरसारखं चीज या आचेत ठेवू नका, त्याचं सार होईल.

मुळशीतला_ड्रमवाला

विषयांतराबद्दल क्षमा. इथं असले स्मोकर परवडत नाहीत. गावच्या घरी २०० लिटरचा पत्र्याचा ड्रम पडून आहे, त्यात जाळी बसवून हेच करता येईल का? आणि लाकूड कुठलं? बाभळीचा कोळसा मुबलक आहे.

रेवदंड्याची_काकू

करता येतं, अमेरिकेतही हौशी लोक ड्रमचेच करतात. पण आधी त्यात काय होतं ते शोध. रसायन किंवा रंग असेल तर भंगारात दे. खाद्यतेलाचा असला तरी आत लेप असतो, तो मोठा जाळ करून, घासून पूर्ण काढायला लागतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, जाळी, पाइप, काहीच वापरू नकोस, तापल्यावर जस्ताचा धूर वाईट. तळाशी हवेची तीन भोकं, झाकणाला एक-दोन.

बाभळीचा कोळसा उत्तम, आच टिकते. धुरासाठी सुकलेल्या आंब्याचे तुकडे. निलगिरी नको, तेलकट असते. फर्निचरची फळकुटं, प्लायवूड, रंगवलेलं खोकं तर अजिबात नको.

रंकाळा_ते_राउंडरॉक

काकू, माणसं रद्द केली. काल तंगड्या लावल्या.

काटा सुरुवातीला ३४० ला गेला, खालची दोन भोकं पूर्ण बंद केल्यावर ३०० च्या आसपास बसला. पीकानचे दोन तुकडे टाकले. धूर निळसर व्हायला अर्धा तास लागला, तोवर शेजारी कुंपणापाशी आला, बघितलं, मान हलवली आणि काही न बोलता गेला. बहुधा पास. दीड तासाच्या थोडं पुढे सगळ्या तंगड्या १८० ला होत्या. वरच्या जाळीवरच्यांची कातडी मस्त, खालच्यांची जरा मऊ. वर आच जास्त असते का? कांदा-लसूण मसाला (जुना होता घरात) शेवटी लावला, त्याचा वास गल्लीभर.

एक प्रश्न आहे. हाडाजवळ आणि कातडीखाली मांस गुलाबी दिसत होतं. काटा १८० म्हणतोय, रस स्वच्छ, तरी बायकोनं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "कच्चं आहे." मी दोन खाल्ल्या, काही झालं नाही. आई तर बघताच उठून जाईल. काय सांगू तिला? आणि आता मांडीचं बोला.

नाशिककर, ठेचा हिट. भाकरीबरोबर आज सकाळी संपला.

रेवदंड्याची_काकू

शाब्बास. हो, वरच्या जाळीवर आच जास्तच असते. पुढच्या वेळी अर्ध्या वेळेनंतर जाळ्या बदल, तेवढ्यापुरतं झाकण उघडलेलं चालतं.

गुलाबी रंगाचं असं आहे. लाकूड-कोळसा जळताना जे वायू निघतात ते मांसातल्या लाल रंगद्रव्याला चिकटतात आणि तो रंग मग शिजल्यावरही जात नाही. इथले लोक त्या गुलाबी कडेवर जीव टाकतात. त्याची चव मात्र काही नसते, दिसायला फक्त. हाडाजवळचं वेगळं कारण: दुकानातली कोंबडी कोवळी असते, हाडं पूर्ण घट्ट झालेली नसतात, आतल्या मगजाचा रंग बाहेर झिरपतो. रंगावरून शिजलं-न शिजलं ठरवायचं नाही, काट्यावरून ठरवायचं. काटा हाडाला न टेकवता सगळ्यात जाड भागात. आईला हे शास्त्र सांगत बसू नकोस. तिच्यासमोर काटा टोचून दाखव, आणि तरीही नको म्हणाली तर मांस सोडवून तव्यावर मसाल्यात परतून दे. आपल्या बायका पटवून खात नाहीत, चव घेऊन खातात.

आता बोकड. मांडी नको, पुढचा पाय आण, खांद्यासकट, आपण फरा म्हणतो तो. मांडीचं मांस सुकं असतं. फऱ्यात चरबी फार नसली तरी पडदे आणि शिरा भरपूर, त्या वितळल्या की मांसाला ओल येते. बोकड मुळातच डुकरासारखं चरबीचं जनावर नाही, म्हणून बल्लवचे बारा तास इथं लागू नाहीत. अख्खा वेळ उघड्यावर ठेवलंस तर चामडं होईल.

हलाल दुकानात जा आणि आधीच सांग की करवतीवर घालू नका, फरा अख्खा हवा. सांगितलं नाहीस तर सवयीनं रश्शाचे तुकडे करून पिशवीत घालतील. गोठवलेलं बहुतेक ऑस्ट्रेलियाचं असतं, ताजं मिळालं तर टेक्ससचंच असण्याची शक्यता बरीच, बोकड पाळण्यात हे राज्य देशात पहिलं आहे. कोवळा असेल असं बघ. फरा साधारण चार पौंडांचा. आणि बोकड धुरावर म्हटलं की इथले नाक मुरडतील असं समजू नकोस. ब्रेडी गावात १९७४ पासून दर लेबर डेच्या (सप्टेंबरच्या सुरुवातीची सुट्टी) सुमाराला बोकडाच्या बार्बेक्यूची जागतिक म्हणवणारी स्पर्धा भरते. आईला तिकडं घेऊन जा हवं तर, शेजाऱ्याला गाडी चालवू दे.

मीठ आदल्या रात्री. सकाळी आलं-लसूण अगदी पातळ, मिरी, धणे, ब्याडगी, तेलाचा हात. आच २५०. परातीत या वेळी पाणी घाल. ओकचे तीन तुकडे. अडीच-तीन तास हात लावायचा नाही, वर तांबूस-काळपट कवच येऊ दे. आत १६० च्या आसपास गेलं की खोल ट्रेमध्ये कांद्याच्या जाड चकत्या, वाटीभर मटणाचं पाणी, दोन-चार मिरे-लवंगा घालून त्यावर फरा ठेव आणि फॉइलनं घट्ट बंद कर. आणखी दोन ते तीन तास. १९५ च्या पुढे गेलं की सुई टोचून बघ, लोण्यात शिरल्यासारखी गेली पाहिजे. नाही गेली तर आकडा काहीही म्हणो, अजून अर्धा तास. १४५ ला खायला सुरक्षित असतं हे बरोबर आहे, पण १४५ ला फरा चावणार कोण?

डॅलसची_सुगरण

मध्येच बोलते, पाहुण्यांसाठी. आई मटण खातील, पण अमेरिकन मुलं आणि शेजारी? टर्कीची छाती लावा. टेक्ससच्या बऱ्याच बार्बेक्यूच्या दुकानांत ती ब्रिस्केटच्या शेजारी पाटीवर असते. हाडाशिवायची, मिठाच्या पाण्यात मुरलेली मिळते, त्यावर वेगळं मीठ नको, नुसती मिरी. २५०-२७५ ला, १५० च्या पुढे गेली की लोण्याचे तुकडे घालून फॉइलमध्ये, १६५ ला उतरवा. फऱ्याच्या शेजारी वरच्या जाळीवर नको, खालच्या जाळीवर ठेवा.

आणि सॉसेज आणणार असाल तर पाकिटावर बारीक अक्षरात वाचा. टर्की किंवा चिकन लिहिलेलं असलं तरी आवरण डुकराच्या आतड्याचं असू शकतं. आईंना न सांगता वाढणं बरं नाही.

रंकाळा_ते_राउंडरॉक

ताई, हे आवरणाचं माहीतच नव्हतं, धन्यवाद.

काकू, शेवटचे दोन. फऱ्याला सहा तास धरले तर जेवण एकला ठेवायला पहाटे सातला पेटवायला लागेल. लवकर झालं तर काय करू? आणि त्या ट्रेमध्ये जे पाणी सुटेल त्याचं काय करायचं? आई तांबडा-पांढरा दोन्ही करणार आहे, तिनं फोनवरच जाहीर केलंय.

रेवदंड्याची_काकू

सातला नाही, साडेपाचला पेटव. मांस कधीही घड्याळ बघून होत नाही, पाहुणे मात्र घड्याळ बघून येतात. लवकर झालं तर चांगलंच. फॉइलसकट जुन्या टॉवेलात गुंडाळून रिकाम्या कूलरमध्ये ठेव, आधी कूलरमध्ये गरम पाणी ओतून तो तापवून घे. दोन-तीन तास गरम राहतं आणि मांस उलट मऊ होतं. फक्त आतलं तापमान १४० च्या खाली जाऊ द्यायचं नाही, काट्याची तार आतच राहू दे. दोन फरे लाव, एक पुरणार नाही. हाडाचं वजन धरलं तर माणसी पौंडभर कच्चं लागतं, आणि रस्सा-भाकरी आहेच म्हणून थोडं कमी चालेल.

ट्रेमधलं पाणी फेकलंस तर तुझ्याशी बोलणार नाही. गाळून, वरचं तेल काढून आईच्या तांबड्यात घाल, पण सगळं एकदम नको. आधी एक पळी घालून चव बघायला सांग, धूर आणि मीठ दोन्ही त्यात उतरलेलं असतं. मीठ आईनं रश्शात शेवटी घालावं. पांढऱ्यात एक थेंबही नको. रंग जाईल आणि नारळाच्या दुधाला धुराचा वास लागला की तो पांढरा रस्सा राहत नाही. पांढऱ्यासाठी साधं मटण वेगळं आण, त्याच दुकानातून, करवतीवरचं.